आबांना घेऊन महाडला जेवायला

सोमवारी ऑफिसात सगळे एकमेकांना विचारतात, सुट्टीत कुठे गेला होतात? कुणी कूर्गला जाऊन आलेलं असतं, कुणी कसल्याशा रिसॉर्टला. मागच्या महिन्यात माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "महाडला जेवायला गेले होते." पलीकडच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "महाडला? तिथे खायला काय आहे?" मला रागच आला. राग आला की मी लिहायला बसते, ही माझी जुनी खोड. तर बाई, वाच.

वाडी

माझं माहेर पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वर डोंगरात. वाडीतली निम्मी घरं गणपती आणि शिमग्यापुरती उघडतात, बाकी वर्षभर मुंबईत असतात. आमचं घर बारा महिने उघडं, कारण आई आणि आबा तिथेच राहतात. आबा म्हणजे माझे वडील. भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी, आणि भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल. धाकटा भाऊ संदीप महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पाळीनं कामाला जातो आणि महाडातच राहतो. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही चौघंच होतो. मी शनिवारीच पुण्याहून येऊन पोचले होते.

आधी मिठाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या घरात चुलीवरचं चाखायचं नाही. नैवेद्य असो नसो, वाढण्याआधी पातेलं उष्टं करायचं नाही, हा आईच्या सासूबाईंचा नियम. आई मीठ हाताच्या अंदाजानं घालते. मग पहिलं ताट आबांचं. आम्ही सगळे हात आवरून बसायचो. आबा पहिला घास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. "मीठ कमी हाय." किंवा, "आज काय अख्खी खाडी वतलीस काय गो?" आई मुकाट्यानं उठून पातेलं सुधारायची आणि मग आमची ताटं यायची. सगळं जमलेलं असलं तर आबा काहीच बोलायचे नाहीत, नुसते दुसरा घास घ्यायचे. आईला तेवढी शाबासकी पुरायची.

गेल्या वर्षी आबांच्या घशात गाठ निघाली. मुंबईला नेलं, मशीनचे शेक दिले, गाठ गेली. डॉक्टरांनी सांगितलं की शेकांनी जिभेची चव जाते. परत येते, पण कधी ते सांगता येत नाही, आणि कुणाची अर्धीमुर्धीच येते. तोवर काहीही करून खायला घाला, वजन वाढवा. आबा लगेच म्हणाले, "माजी नाय गेली. मला सगळा लागतो बराबर." आम्हाला हायसं वाटलं. आबांवर विश्वास ठेवायची सवयच आहे आम्हाला.

दसऱ्याला कळलं. आईनं वालाचं बिरडं केलं होतं आणि घाईत त्यात मीठ घालायचंच राहिलं होतं. आबांनी पहिला घास घेतला, आमच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "ब्येस झालाय." आम्ही घास घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. पण आबांनी निकाल दिलेला, त्यावर मीठ मागायचं कसं? सगळ्यांनी अळणी बिरडं संपवलं. आई शेवटी जेवायला बसली, तिनं एक घास खाल्ला आणि तशीच बसून राहिली.

त्या दिवसापासून आईचा हातच गेला. एक दिवस खारट, एक दिवस अळणी. आबा रोज म्हणणार ब्येस, आणि ताटात अर्धं टाकून उठणार. फोनवर मी किती वेळा सांगितलं, "आई, आता तू चाखून बघत जा ना." तिचं एकच उत्तर, "मी चाखायला लागले तर त्यांचं काम काय ऱ्हायलं घरात?" ती म्हणत नव्हती, पण मला दिसत होतं. तिनं एकदा चाखलं की चव परत येणार नाही हे तिनंच मान्य केल्यासारखं झालं असतं. आबांना वाटत होतं आम्हाला ठाऊक नाही, आणि आम्ही त्यांना तसं वाटू देत होतो. इतकी माया आणि इतका मूर्खपणा एकाच घरात मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

बाहेर जेवायला जायची टूम संदीपची. कंपनीत त्याला कुणीतरी सांगितलं होतं की घरच्या त्याच त्या जेवणानं जीभ झोपते, चार ठिकाणचं खायला घाला, जागी होईल. मला पटलं नव्हतं. पण आबांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. कुणी सांगितलं असतं की आबांना उलटं टांगल्यानं चव येते, तरी मी दोर आणायला गेले असते.

पोलादपूर

निघायलाच वेळ. संदीपच्या जुन्या गाडीत पुढे आबा, मांडीवर पाण्याची बाटली, कारण शेकांनंतर त्यांचं तोंड सारखं कोरडं पडतं. मागे आई आणि मी. आईच्या एका हातात नाकाला लावायला लिंबू आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"हे काय?"

"भाकरी."

"आई, आपण जेवायला चाललोय."

"आनी हाटेलात संपला तर?"

पोलादपूरला स्टँडजवळ उतरलो तर आई गाडीतून खालीच येईना. म्हटलं गाडी लागली असेल. तर ती हळूच म्हणाली, "मीने, माज्या चपला?" चपला वाडीतच. संदीपची गाडी नुकतीच धुतलेली, आतमध्ये स्वच्छ कापड घातलेलं, म्हणून आईनं देवळात शिरावं तशा अंगणात चपला काढल्या आणि मग आत बसली. संदीप डोक्याला हात लावून हसत सुटला. आबा म्हणाले, "बरा झाला. घर राखायला कोनतरी ऱ्हायला पायजे." मी पळत जाऊन समोरच्या दुकानातून तिच्या मापाच्या चपला आणल्या. त्या घालून ती दिवसभर नवी नवरी चालते तशी जपून चालत होती.

स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. पोलादपूरचं गिऱ्हाईक घाईतलं. कुणाची महाबळेश्वरची गाडी सुटायची असते, कुणाची खेडची. त्यामुळे इथे पदार्थ सांगायच्या आधीच टेबलावर येतो. पुण्यात मिसळीसाठी रांगेत उभं राहून वर मालकाचं बोलणं ऐकून घ्यायची सवय झालेल्या माणसाला हे जड जातं. मिसळ आली. तर्री पुण्यापेक्षा पातळ, पण मटकी शिजलेली, जी पुण्यात सहसा नशिबी नसते. आबांना तिखट चालत नाही, घसा पेटतो. त्यांच्यासाठी बटाटावडा आणला, चटणीशिवाय. आईनं वडा उलटापालटा करून बघितला, पण हात आवरूनच बसली. आम्हीही बसलो. भरल्या हॉटेलात आम्ही तिघं आपापल्या बशा समोर घेऊन आबांच्या तोंडाकडे बघत होतो. शेजारच्या टेबलावरच्या ड्रायव्हरला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं काहीतरी व्रत आहे.

आबांनी वड्याचा तुकडा तोंडात टाकला, पाण्याच्या घोटाबरोबर गिळला आणि म्हणाले, "ब्येस."

संदीपनं माझ्याकडे बघितलं. मी मिसळीत पाव बुडवला. आईनं फडकं सोडलं आणि भाकरीचा तुकडा मोडून वड्याबरोबर खायला लागली.

कशेडी

महाड उत्तरेला, पण आबा म्हणाले, "आदी कशेडीला जाऊ. लय दिवस घाट नाय बगितला." मग गाडी उलट्या दिशेनं वळवली. बोगदा सुरू झाल्यापासून जुन्या घाटातली गर्दी ओसरली आहे. पूर्वी इथे ट्रकांमागे ट्रक लागलेले असायचे, आता वळणावळणावर वानरं रस्त्यात बसून उवा बघतात. पावसाळ्यात हाच डोंगर खाली येतो. जानेवारीत मात्र शहाण्यासारखा उभा असतो, गवत पिवळं पडलेलं, खाली दरीत वालाच्या शेतांचे हिरवे चौकोन. एका वळणावर चहाची टपरी अजून तग धरून होती. तिथे थांबलो. टपरीवाल्याकडे आमच्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे चहात दुधाची चैन होती.

आबा कठड्याला टेकून उभे राहिले आणि एकाएकी बोलायला लागले. तरुण असताना ते खेडकडून यायच्या एस.टी.त इथेच अडकले होते. वर दरड, खाली दरड, पाऊस थांबायचं नाव नाही. पुढे उभ्या ट्रकचा ड्रायव्हर पंजाबकडचा. त्यानं ट्रकखाली स्टो पेटवला आणि एस.टी.तल्या सगळ्यांना बोलावलं.

"डाळ केली होती त्यानी," आबा म्हणाले. "काळी डाळ. वर कांदा चिरून टाकलान, कच्चा. मिरची करपवली होती, तेचा वास सगळ्या घाटात. दातात कांदा कचकन वाजायचा, मंग मागनं डाळीचा गोडवा यायचा. मीठ जरा जास्तीच होता." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पन त्या थंडीत तसाच पायजे."

कित्येक महिन्यांत आबा जेवणाबद्दल ब्येस सोडून एक शब्द बोलले नव्हते. आणि आता तीसचाळीस वर्षांपूर्वीच्या डाळीतलं मीठ सांगत होते. आई त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तो बघवेना. तिला वाटलं, आलं परत. तिनं आपल्या कपातला चहा पुढे केला आणि विचारलं, "आनी ह्यो चा? साखर बरी हाय?"

आबांनी घोट घेतला.

"ब्येस हाय," ते म्हणाले.

आईनं कप परत घेतला आणि गाडीत जाऊन बसली. मला त्या क्षणी आबांचा राग आला. एवढा मोठा माणूस, खोटं बोलतो कशाला? आणि लगेच रडूही आलं, कारण कशाला बोलतात ते मला चांगलं ठाऊक होतं. आईनं रांधलेलं मातीसारखं लागतं हे तिला सांगायचं त्यांच्या जिवावर येत होतं.

महाड

महाडकडे येताना संदीपनं लांबून कारखान्याची धुराडी दाखवली. रविवारची पाळी सुटत होती, मोटारसायकलींचा लोंढा रस्त्यावर आला होता. वारा आमच्या बाजूला वळला तशी आईनं लिंबू नाकाला लावलं. संदीप म्हणाला, "आई, तो वास म्हणजे माझा पगार गो." आई म्हणाली, "मंग तूच घे."

जेवायला संदीपनं जी जागा शोधली होती ती सावित्रीकाठच्या बाजूला, एका घराच्या पडवीत. खानावळ दोन जावांची. थोरल्या ताई गल्ल्यावर आणि वाढायला, धाकटी आत चुलीपाशी. ताईंनी आल्या आल्या आईला "बसा मावशी, दमलात," असं म्हणून पंखा सुरू केला. पुण्यातल्या हॉटेलात आधी मेनूकार्ड येतं, इथे आधी चौकशी येते. कुठल्या? कुणाकडच्या? काका अशक्त दिसतात, काय झालं होतं? संदीपनं सांगितलं, घशाचं होतं, तिखट चालत नाही. ताई म्हणाल्या, "मग तुमचं कालवण वेगळं लावते. जिताडा आलाय आज खाडीचा, नारळाच्या रसात करू. काकांना गिळायला मऊ."

आईनं विचारलं, "तुमी चाखून बगता काय वो?"

"नाही हो मावशी. मी रविवार धरते, आज मासळी तोंडात घालत नाही. हातानंच अंदाज."

आईला बाई एकदम आवडली. मग ती उठून रिकाम्या टेबलावरची दुसऱ्या कुणाची उष्टी ताटं गोळा करायला लागली. तिला हाताला धरून परत बसवावं लागलं. दुसऱ्याच्या घरी आयतं बसून खायचं कसं, हा तिचा प्रश्न होता आणि तिच्या दृष्टीनं ते घरच होतं.

ताटं आली. तांदळाच्या भाकऱ्या इतक्या पांढऱ्या आणि पातळ की त्या उचलताना हात नीट धुतले आहेत ना असं वाटावं. कोलंबी, सोलकढी, आणि मधे वाटीत जिताड्याचं पिवळसर कालवण. चारही ताटं एकदम समोर आली. आम्ही हात आवरले. ताई कौतुकानं बघत उभ्या राहिल्या. आबांनी भाकरी कालवणात बुडवली, घास घेतला, पाणी प्यायले.

"ब्येस," ते म्हणाले. "येकदम ब्येस."

ताई खूश होऊन दुसऱ्या टेबलाकडे गेल्या. मी घास घेतला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकं खारट की जीभ आखडली. संदीपनं एक घास खाऊन अर्धा ग्लास पाणी संपवलं. आई मान खाली घालून जेवत होती. घासामागून घास, चेहऱ्यावर काही नाही. आबा बघत होते म्हणून आम्हीही खाल्लं. मी भाकरी मोठी मोडायची आणि कालवण टेकवल्यासारखं करायची. वाट्या निम्म्या झाल्या.

तेवढ्यात आतून आवाज आला. "अगं, काकांच्या कालवणात मीठ मी घातलं होतं!" आणि त्यावर ताईंचा, "तू कशाला? मी घातलं की!" मग ताई पदराला हात पुसत धावत बाहेर आल्या.

"अहो, खाऊ नका ते! डबल मीठ पडलंय!" त्यांनी आमच्या वाट्या बघितल्या, मग आबांकडे बघितलं. "काका, तुम्ही तर ब्येस म्हणालात!"

आबांचा हात ताटातच राहिला. त्यांनी संदीपची वाटी बघितली, माझी बघितली. मग आईची. आईची वाटी पुसल्यासारखी रिकामी होती.

"तुमी खाल्लात कसा?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "तुमी ब्येस म्हनालात ना."

ताईंना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं. "दुसरं आणते," असं पुटपुटून त्या वाट्या उचलून आत गेल्या. आबांनी बोटं ताटाच्या कडेला पुसली.

"कदीपास्नं ठावं हाय तुमाला?"

"दसऱ्यापासून," मी म्हणाले. "बिरड्यात मीठच नव्हतं, आबा."

"आनी तुमी सगळा खाल्लात?"

"सगळं."

आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होते. मग खरंच रडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं, तेही परक्याच्या पडवीत, भरल्या ताटावर. म्हणाले, "वास येतो गो. दाराशी कोन आला ते कळता, पन दार उघडत नाय. काय पन टाका तोंडात, निस्ता चोथा. तुला कसा सांगू? तू येवडा रांदतेस."

आई म्हणाली, "मला सांगायचा नाय तर कोनाला सांगायचा?"

तिचा आवाज चढला होता. माझ्या आठवणीत आबांशी बोलताना तिचा आवाज कधी चढलेला नाही. "मी रोज वाट बगते. आज म्हनतील खारट हाय, उद्या म्हनतील अळनी हाय. तुमी आपले ब्येस. माजा हात चुकतो आता. कोन सांगनार मला?"

संदीप तोंड फिरवून रस्त्याकडे बघत होता. मी सोलकढी प्यायले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. इतके महिने आम्ही ज्याला जपणं समजत होतो त्यात ही दोघं एका घरात एकेकटी पडली होती, आणि ते मला त्या पडवीत बसून कळलं.

दुसरं कालवण आलं. ताई या वेळी उभ्या राहिल्या नाहीत, वाट्या ठेवून लगेच आत गेल्या. आम्ही हात आवरले. सवयच ती. आबांनी भाकरीचा तुकडा बुडवला, घास घेतला, सावकाश चावला. आम्ही तिघं बघत होतो. त्यांनी मान हलवली. नाही.

मग त्यांनी दुसरा घास मोडला, कालवणात बुडवला, आपल्याच ताटाच्या कडेला ठेवला आणि ताट आईकडे सरकवलं.

"बग," म्हणाले. "माज्या ताटातला हाय. पातेला उष्टा नाय व्हायचा."

आईनं इकडे तिकडे बघितलं. पदर सारखा केला. आबांच्या ताटातला तो घास उचलला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावला. मग त्यांच्याकडे वाकून कानाशी काहीतरी बोलली.

आबा ताठ बसले. घसा खाकरला. आणि आजारपणाआधीच्या त्या आवाजात, अख्ख्या पडवीला ऐकू जाईल असे आत ओरडले, "मीठ कमी हाय!"